नाव वेगळे ठेवा, पण नोंदीआधी लिहून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाळाचे नाव चारचौघांत नसलेले हवे, हा आग्रह आता तालुक्याच्या गावीही दिसतो. त्यावर नाक मुरडणारी पत्रे आपल्याकडे येतच असतील. हे पत्र त्यांतले नाही. वेगळे नाव जरूर ठेवावे. पण जे नाव प्रत्येकाला समजावून सांगावे लागणार आहे, ते कागदावर कसे उतरणार हे आधी ठरवावे लागते. तेवढा विचार मात्र बारशाच्या पेढ्यांइतकाही होत नाही.

पूर्वी यातून निभावून जात असे. जन्मदाखल्यावर एक, शाळेत दुसरे, आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव तेच खरे, अशी आपली पद्धत होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने हे चित्र बदलले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागणार. म्हणजे पहिल्या नोंदीत काना चुकला, तर तो पुढच्या सगळ्या कागदांवर चुकणार.

तरीही नाव ठरते ते दवाखान्यातून घरी सोडताना, बिलाच्या खिडकीशी. जन्माची माहिती २१ दिवसांत कळवायची असते, ती बहुधा दवाखानाच कळवतो. त्या अर्जात नावाचा रकाना असतो म्हणून तो भरलाच पाहिजे अशी समजूत आहे. तसे बंधन नाही. नाव न घालता जन्म नोंदवता येतो, दाखलाही मिळतो. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. कलम १४ त्यासाठीच आहे. रिकाम्या रकान्यात नाव घालणे सोपे, घातलेले बदलणे कठीण. कलम १५ चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे, आणि तीही मूळ नोंद न खोडता समासात करायची असते. ‘आता हे नाव आवडत नाही’ किंवा ‘गुरुजींनी अक्षर बदलायला सांगितले’ ही चूक ठरत नाही. वर्षभर थांबा असे म्हणणे नाही. लहान बाळाच्या आधारलाही जन्मदाखला लागतो. पण दोन महिने थांबल्याने काही अडत नाही आणि तेवढ्यात पुष्कळ गोष्टी तपासून होतात.

पहिली तपासणी देवनागरीची. नाव आधी मराठीत, ऱ्हस्व-दीर्घासह, जोडाक्षरे फोडून कागदावर लिहा. अदिती की आदिती? देवांची माता ती अदिती. मराठी लेखनात शेवटची ‘ती’ दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. दाखल्यावर कोणती हवी तेही ठरवा. मग इंग्रजी स्पेलिंग. येथे घोटाळा बहुतेक वेळा ऋ, ज्ञ, ळ, ण आणि व या अक्षरांपाशी होतो. आपण ऋ चा उच्चार ‘रु’ करतो, हिंदी भाषक ‘रि’ करतात; म्हणून ऋतुजा कुठे आर-यू, तर कुठे आर-आय. ज्ञ आपल्याकडे डी-एन-वायने लिहितात. महाराष्ट्रात ते चालते, पण ज्ञानदा दिल्लीला गेली की ‘डन्यानदा’ होते. तिथे ज्ञ म्हणजे ‘ग्य’. मी डी-एन-वायच्याच बाजूचा आहे, कारण मुलाचा पहिला वाचक मराठी असतो. पण ते ठरवून घ्यावे, सवयीने नव्हे. व साठी व्ही की डब्ल्यू, हाही प्रश्न तसाच. अद्वैत दोन्ही प्रकारांनी लिहिलेला सापडतो, कधी एकाच मुलाच्या दोन कागदांवर.

अंकशास्त्रासाठी वाढवलेली अक्षरे हा वेगळाच ताप. दोन ए, दोन आर असले नाव पुढे प्रत्येक खिडकीवर ‘डबल आर’ असे ओरडून सांगावे लागते, आणि एका ठिकाणी तरी एक आर गळतोच.

आता हे सगळे संगणकात कसे शिरते ते पाहा. अन्वय हे चांगले, अर्थपूर्ण नाव. खिडकीवर ते इंग्रजीत टंकले जाते, आणि मराठी अक्षरे सॉफ्टवेअर आपोआप उमटवते. पुष्कळदा न चा पाय मोडलेला राहत नाही आणि पडद्यावर ‘अनवय’ येते. इंग्रजीत डब्ल्यू घातला तर फोनमधला शब्दसुधारक त्याचे ‘एनीवे’ करून टाकतो. आधार केंद्रात अर्जदाराकडे तोंड केलेला दुसरा पडदा असतो तो यासाठीच. पाच वर्षांखालच्या बाळाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणून काम लवकर आटोपते आणि पालक पडद्याकडे न बघताच पावती घेऊन निघतात. दोन्ही लिप्यांतले नाव अक्षर अक्षर वाचून मगच ‘बरोबर’ म्हणावे. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. त्यातली एक संधी वेलांटीवर घालवू नये.

शाळेत हीच तफावत पुन्हा डोके वर काढते. विद्यार्थ्याचा ‘अपार’ हा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक काढताना शाळेच्या यू-डायस या सरकारी संगणकीय नोंदीतले नाव आधारशी जुळावे लागते, आणि एका अक्षराच्या फरकानेही तो अडतो. दहावीच्या आधी मंडळाकडून शाळेत येणारी प्रीलिस्ट, म्हणजे परीक्षार्थींची तपासायची यादी, पालकांनी स्वतः बघितलीच पाहिजे. ‘आधी कोणी ऐकलेच नाही’ असे नाव असेल तर अधिकच, कारण अनोळखी नाव तपासणारा ते ओळखीच्या नावाकडे ओढतो. इहा चे ईशा, निहीरा चे नीरा.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. नाव माहीत नसलेल्या चार-पाच जणांना फोनवर एकदाच, काहीही न समजावता सांगा आणि ऐकले तसे लिहून पाठवायला सांगा. त्यांत एक आजी-आजोबांच्या वयाची व्यक्ती आणि एक अमराठी असावी. सगळ्यांनी वेगवेगळे लिहिले तर नाव टाकू नका, फक्त समजा की स्पष्टीकरण जन्मभर द्यावे लागणार. ते एका वाक्यात बसते का बघा. पाच वर्षांच्या मुलाला स्वतःला सांगता येईल एवढे ते लहान हवे.

अर्थाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. संकेतस्थळांवरच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘संस्कृत’ आणि काहीतरी गोड अर्थ लिहिलेला असतो. तो कोशात असतोच असे नाही. ‘वियान’ म्हणजे चैतन्याने भरलेला, असे छापलेले दिसते. संस्कृतात आहे तो ‘व्यान’, प्राण-अपान-व्यान-उदान-समान या पंचप्राणांतला. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही. त्यातले एक अक्षर गाळून ‘अन्या’ ठेवले की अर्थ होतो दुसरी, परकी. शिवाय आपल्याकडे अनिलला हाक मारतात तीही अशीच. मायरा हे इंग्रजी कवितेतून रूढ झालेले नाव; राजस्थानात मायरा म्हणजे भाचराच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. परकीय नाव ठेवण्यात कमीपणा काहीच नाही, पण त्याला खोटी संस्कृत जन्मकुंडली कशाला? आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश आज फोनवर फुकट उघडतो. मराठी शब्द असेल तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आहेत. पाच मिनिटांचे काम आहे.

नावरसाच्या, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणाऱ्या अक्षरावरून अडून बसणाऱ्यांसाठीही थोडे. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांच्या चार-चार चरणांना मिळून १०८ अक्षरे आहेत. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ येतो. या अक्षरांनी सुरू होणारे नाव नाहीच, म्हणून परंपरेनेच त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ड आणि ज घ्यायची सोय केली आहे. ती माहीत नसल्याने काही पालक कोणालाही न वाचता येणारे नाव घडवून आणतात. जन्मनाव पत्रिकेत राहू द्यावे, व्यवहाराचे नाव वेगळे असले तर शास्त्र मोडत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रम राज्याच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा झाला आहे. निर्णय चांगलाच. पण पूर्ण नाव चार शब्दांचे झाले, आणि बाहेरच्या राज्यातला वाचणारा दुसरा शब्द वडिलांचा समजतो. म्हणून पूर्ण नाव सलग मोठ्याने म्हणून बघा. पासपोर्टच्या अर्जात तर रकाने दोनच, आडनाव आणि दिलेले नाव. जात कळू नये म्हणून आडनाव गाळणाऱ्या घरांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. वडिलांचे नाव पासपोर्टवर असेल तर चालेल, हे नंतर स्पष्ट झाले. आडनाव नको असेल तर त्या जागी आईचे किंवा वडिलांचे नाव घाला, रकाना मोकळा ठेवू नका.

परदेशी असलेल्यांना अजून एक अडचण येते, ती म्हणजे मुलगा की मुलगी हे नावावरून न कळणे. जर्मनीत भारतीय वंशाच्या पालकांनी मुलीचे नाव ‘किरण’ ठेवले, तेव्हा नोंदणी कार्यालयाने मुलगी असल्याचे कळेल असे दुसरे नाव जोडायला सांगितले. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला.

चूक होऊन गेलीच असेल तर दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेची सर्वसाधारण नोंदवही. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवते. शाळेतल्या नोंदीला शिक्षण विभागाची परवानगी लागते आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती मिळणे फार अवघड, म्हणून हे शाळेत असतानाच उरका. आणि चूक नसून नावच बदलायचे असेल, तर शासन राजपत्रात प्रसिद्धी हाच रस्ता.

नोंदणी कार्यालयांकडे मागणी एकच. दाखला छापण्यापूर्वी दोन्ही लिप्यांतल्या नावाचा कच्चा कागद पालकांच्या हाती द्यावा आणि त्यावर सही घ्यावी. एका पानाचा खर्च आहे. आणि आपल्या पुरवणीत बाळांच्या नावांची यादी छापाल, तेव्हा अर्थापुढे तो कोणत्या कोशातून घेतला तेही छापावे; कोशात न सापडलेले नाव ‘नवे घडवलेले’ म्हणून खुशाल द्यावे.

आपला,
जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामातला एक वाचक, सातारा