थकबाकी आणि दोन किलोची काच

कुडाळ,
भाऊबीज

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि पेन ड्राइव्ह दोन्ही मिळाले. थकबाकी एकदाची जमा झाली हे वाचून बरं वाटलं. जमा झाल्याझाल्या तिची वाट कशी लावायची याचा बेत तू कागदावर मांडूनही ठेवलास, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. कॅमेऱ्यासाठी सोनीची २४-७० एफ २.८ जीएम टू ही भारी झूम लेन्स घेऊ, की पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची २००-६००, की सरळ दोन्ही, असं विचारलंयस. वहिनींना यातलं किती सांगितलंयस ते मात्र पत्रात कुठं दिसत नाही.

आधी फोटो पाहिले, मग पत्र पुन्हा वाचलं. फोटो न बघता लेन्सचा सल्ला देणारे खूप भेटतात, मी त्यातला नाही. तुझ्या फोल्डरमध्ये दोन तऱ्हेचे फोटो फसलेत. आंजर्ल्याच्या खाडीवरचे कुरव आणि सुरूच्या शेंड्यावरचा तो समुद्री गरुड फ्रेममध्ये एवढेएवढेसे आलेत. शिमग्यातली रात्रीची पालखी आणि पुतणीचं गॅदरिंग हलल्यासारखं आणि दाणेदार आलंय. पहिल्यात पोच कमी पडली, दुसऱ्यात उजेड. लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा मोठा तेवढी पोच जास्त, एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. या दोन वेगळ्या खरेद्या आहेत आणि दुकानात त्या एकाच काचेच्या कपाटात, एकाच ‘प्रीमियम’ पाटीखाली ठेवलेल्या असतात. तुझा घोटाळा तिथंच झालाय असं मला वाटतं.

उजेडाचं आधी बोलू. तुझ्या सोनी ए७ फोर कॅमेऱ्याबरोबर आलेली २८-७० लेन्स ७० वर नेलीस की एफ ५.६ वर येते. २४-७० एफ २.८ घेतलीस तर त्याच जागी चौपट उजेड मिळेल. म्हणजे पालखी जिथं सेकंदाच्या साठाव्या भागाच्या शटरने हलली, तिथं तोच आयएसओ, म्हणजे सेन्सरची तीच संवेदनशीलता, ठेवून अडीचशेव्या भागापर्यंत जाता येईल. फरक चांगला आहे, नाकारत नाही. आता सोनीचीच ८५ एफ १.८ बघ. तिच्यातून ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड येतो. वजन ३७१ ग्रॅम. जीएम टूचं ६९५. आणि किंमत त्या झूमच्या पाव भागाच्या आसपास. रात्रीच्या फोटोंसाठी म्हणून तू दोन लाखांच्या घरातली वस्तू घ्यायला निघालायस, तर त्याच कामाला तिच्याहून सरस पडणारी छोटी लेन्स त्याच कपाटात खालच्या फळीवर पडून आहे. विकणारा ती आपणहून काढून दाखवणार नाही, एवढंच.

झूम नाही, पुढंमागं सरकावं लागतं, हे खरं. पण दशावतारात तू किती सरकणार? आमच्याकडे जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीनंतर नाटक सुरू होतं, ते उजाडेपर्यंत. बसायची जागा एकदा धरली की तीच. हार्मोनियम-पखवाजवाले एका बाजूला, मधे ते बाकडं, वर ट्यूब किंवा हल्ली एलईडीचे दिवे. पुढच्या रांगेतून ८५ने राजाचा कमरेपासून वरचा भाग छान बसतो. १.८ वर फोकसची पट्टी पातळ असते, पण तुझी कॅमेरा बॉडी डोळा पकडते, त्यामुळे स्त्रीपार्टी वळली तरी निसटत नाही. काळ्या वेशातला संकासुर आला की मात्र यंत्राची गंमत बघायला मिळते. त्याला डोळाच सापडत नाही. तिथं एफ २.८ वर जावं आणि फोकसचा ठिपका स्वतः ठेवावा.

एक गोष्ट कुठलीच लेन्स सुधारणार नाही. एलईडीखाली सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक, शटर लावलंस तर फोटोत आडवे पट्टे येतात, कारण तुझ्या बॉडीचा सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो. तिथं मेकॅनिकल शटर ठेव आणि जमेल तेव्हा पन्नासाव्या नाहीतर शंभराव्या भागावर राहा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आणि फ्लॅशचं तर नावच काढू नकोस. मागं एकाने मारला तेव्हा रंगपटातल्या एका म्हाताऱ्या कलाकाराने त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं होतं, “झिला, डोळ्यार उजेड मारू नको, माका पुढचा पाऊल दिसना नाय.” वेळासला कासवांची पिल्लं सोडतात तिथंही हेच. फ्लॅश चालत नाही आणि चालूही नये.

तू म्हणशील, मग तू स्वतः २४-७० एफ २.८ का बाळगतोस? कारण ती माझं पोट भरते. अंतरपाट खाली जातो, अक्षता पडतात, हार पडतात, त्या वेळात लेन्स बदलायला सवड नसते. मागं उभ्या असलेल्या मामाला आणि पुढच्या नवरीला एकाच झूमने धरावं लागतं. लग्नसराईत ती आपलं भाडं आपण फेडते. शिवाय मांडवात मोठी लेन्स दिसली की लोक वाट देतात, हा धंद्याचा भाग झाला. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात तीच लेन्स नेलीस तर उलट होतं. सुरमईचा भाव चढत असताना कोळीण थांबून विचारते, “खंयच्या पेपरातले?” आणि चेहरा गेला तो गेलाच. तिथं ३५ एफ १.८ घेऊन फिर. २८० ग्रॅमची लेन्स, कुणाचं लक्ष जात नाही. आणि खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर जीवही कमी जळतो.

तुझा दुसरा प्रश्न मला आवडला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे, सुटसुटीत असं सांगून कंपन्यांनी आपल्याला इकडे वळवलं आणि मग लेन्सा एवढ्या अगडबंब का? गंमत अशी की आरसा काढल्याने फक्त बॉडीच्या पोटातली जागा वाचली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेडमध्ये ते १६ वर आलं. कॅननमध्ये ४४ चं २० झालं. तुझ्या सोनीत १८. याचा फायदा मुख्यतः वाइड लेन्सना होतो. सेन्सर तोच फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या आकाराचा, राहिला, त्यामुळे लांब पल्ल्याच्या लेन्सला काच पूर्वीइतकीच लागते. आणि जागा मोकळी झाल्यावर कंपन्यांनी ती लहान लेन्सा करण्यात कमी आणि पूर्वी न जमलेल्या लेन्सा करण्यात जास्त खर्च केली. कॅननने २०१८ मध्ये २८-७० एफ २ काढली, वजन १४३० ग्रॅम. निकॉनने २०१९ मध्ये ५८ एफ ०.९५ काढली, दोन किलोची, आणि तीही हाताने फोकस करायची! आम्ही काय करू शकतो ते दाखवायला काढलेल्या वस्तू या. त्या बघाव्यात, त्यांच्यावर बोलावं, थकबाकी त्यांच्यात घालू नये.

पुढं वारं थोडं बदललं. सोनीची पहिली २४-७० जीएम ८८६ ग्रॅमची होती, २०२२ ची दुसरी ६९५ ची. ७०-२०० एफ २.८ तर १४८० वरून १०४५ वर आली. म्हणजे थांबणाऱ्याला हलकी लेन्स मिळते, आणि न थांबणाऱ्याची जड लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्तात येते. एफ २.८ झूमशिवाय तुला झोपच येत नसेल तर टॅमरॉनची २८-७५ जी टू बघ, ५४० ग्रॅम. सोनीच्या बॉडीवर बाहेरच्या कंपनीच्या लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नकोस. तुझी ए७ फोर मुळात दहाच काढते.

आता पोच. इथं मात्र मी तुला लहान लेन्सचा रस्ता दाखवू शकत नाही, कारण तो नाही. ६०० ला ६.३ ने भाग, ९५ येतात. तेवढ्या मिलिमीटरचं भोक त्या लेन्सला लागणारच, म्हणून २००-६०० च्या तोंडावर ९५ चाच फिल्टर बसतो. कुठल्याही कंपनीचा कितीही हुशार माणूस यातून सुटत नाही. वजन २११५ ग्रॅम, त्यात तुझी बॉडी साडेसहाशेच्या वर. आंजर्ल्याला पुळणीवरून चालत जाऊन उडते कुरव हातात धरून टिपायचे म्हणजे थोड्याच वेळात खांदा बोलायला लागतो. सोललेले चार नारळ गळ्यात अडकवून पक्षी बघायला गेल्यासारखं ते. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, लागेल, तो जमेत धर.

या लेन्सची एक गोष्ट आपल्या भागासाठी मला मनापासून पटते. झूम करताना ती लांब होत नाही, सगळी हालचाल नळीच्या आतच होते. बाहेर येणारी नळी दर वेळी हवा आत ओढते, आणि आपल्याकडची हवा म्हणजे मीठ, रेती आणि दमटपणा. पक्षी बघणाऱ्याने कोकणात राहून मोठी लेन्स घ्यायचीच असेल तर अशीच घ्यावी.

पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघ. तुझी ७०-३०० आहे ना? बॉडीत क्रॉप मोड लाव, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला जातो. ३३ मेगापिक्सेलचे सुमारे १४ राहतात आणि दृश्य ४५० ने घेतल्यासारखं मिळतं. चौदामध्ये मोठी प्रिंटही नीट निघते. थंडीभर असं वापर आणि बघ, तरीही पक्षी लहान येतोय का.

दुसरी गोष्ट वेळेची. तुझे समुद्री गरुडाचे फोटो मी मोठे करून पाहिले. पक्षी लहान आहे हे झालंच, पण तो शिवाय मऊ आलाय, कडा थरथरल्यासारख्या. फोटोवरची वेळ दुपारी बाराच्या पुढची आहे. ऊन चढलं की तापलेल्या रेतीवरून हवा वर उठते आणि मधलं सगळं हलायला लागतं. ६०० ने तीच थरथर तू दुप्पट मोठी करून घरी आणशील. दोन लाखांची काचसुद्धा हवा स्वच्छ करत नाही. त्यावर दोनच उपाय, उजाडताना जायचं आणि जवळ जायचं. चिखल्या हे छोटे पक्षी भरतीच्या वेळी पाण्याबरोबर आपणहून किनाऱ्याकडे सरकतात. भरतीची वेळ बघून आधीच पुळणीवर पोटावर पडून राहिलास तर ३०० लाही चिखल्या पुरे पडतो. गरुडाचं तसं नाही. घरट्याच्या झाडाजवळ तर जायचंच नाही. त्याला ६०० हवीच, हे मी मान्य करतो. आणि गावातल्या वडावर फळं खायला येणारा धनेश तुझ्या मनात असेल तर लक्षात घे, पानांच्या सावलीत एफ ६.३ वर आयएसओ भराभर चढतो. दाणा हल्लीच्या सॉफ्टवेअरने बराच जातो, हललेलं पीस परत येत नाही.

लेन्स कोरड्या ठेवायच्या कपाटाचा खर्च तू तुझ्या कागदावर मांडलेलाच नाहीस, आणि कोकणात तो मांडावाच लागतो. जूनपासून लेन्स बॅगेत राहिली तर गणपतीला काढशील तेव्हा काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसेल. ड्राय कॅबिनेट हवं, चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेवर लावलेलं. २००-६०० आत मावेल एवढं घ्यायचं तर लहान चालत नाही, हूड काढून मोजलं तरी ती फूटभर लांब आहे. आपल्याकडे वीज जाते तेव्हा दार उघडू नये, तास-दोन तास काही बिघडत नाही. पावसाळ्यातही महिन्यातून एकदोनदा लेन्स बाहेर काढून वापरावी. पडून राहिलेलीलाच जास्त लागण होते. समुद्रावरून आल्यावर आधी ब्लोअर, मग किंचित ओल्या फडक्याने बाहेरून पुसणं, मगच कपाट. वेदर सीलिंग आहे म्हणून नळाखाली धरू नकोस, तसा एक महाभाग मी पाहिलाय.

सेकंडहँड घेणार असशील तर दिवसा घे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडून मागून टॉर्च मार आणि तिरकं बघ. विकणारा किनारपट्टीचा असेल तर माउंटचे स्क्रूही बघ, गंज तिथं पहिला येतो. नुसत्या बिलावर जाऊ नकोस.

तेव्हा मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं. २४-७० जीएम टू रद्द. ८५ एफ १.८ लगेच घ्यायची, जत्रा तोंडावर आल्यात. ड्राय कॅबिनेट मोठंच घ्यायचं, पुढं लेन्स आली तरी उपयोगी, न आली तर वहिनींच्या कॅमेऱ्यासकट सगळं आत जाईल. २००-६०० डिसेंबरात पुण्याहून आठवडाभर भाड्याने आणायची, पहाटे उठून वापरायची. त्या आठवड्यात तीन दिवस जरी ती खांद्यावर घेऊन अंधारात घराबाहेर पडलास तर खुशाल विकत घे, मी एक शब्द बोलणार नाही. उरलेल्या पैशांचं काय, ते तुम्ही दोघांनी ठरवा. घराची कौलं उतरवायची राहिलीयत असं गेल्या वेळी काकूच सांगत होत्या.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर इकडे ये. रात्र जागायची तयारी ठेव, शाल आण, फक्त बॉडी आणि दोन बॅटऱ्या आण. माझी ८५ तुला रात्रभर देतो, २४-७० ही आलटून-पालटून लावून बघ. काकूंना नमस्कार, पुतणीला खाऊ येताना देईनच. आणि हो, दुकानदाराकडे बुकिंगचे पैसे आधीच भरून मग मला हे पत्र लिहिलं असशील, तर तेवढं फोन करून कळव, म्हणजे मी कॅबिनेटचं माप काढून ठेवतो.

तुझाच,
कुडाळकर