कडा झाकू नका म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्हाला तोंडावर ‘आभारी आहे’ म्हटलं की तुम्ही ‘चहा मांडू का?’ विचारून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं किंवा तुमच्या फ्रेमच्या दुकानाचं नाव घालत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या त्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे माझ्यामुळे आणखी गर्दी झाली तर शेजारपाजारचे मलाच बोलतील. पण कॉमिक्सच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रं जमवायची ज्यांना हौस आहे, त्यांना तुम्ही काय काय केलंत ते कळायला हवं.

आमच्या घरी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक आला की आधी मुखपृष्ठावरून भांडण व्हायचं, गोष्ट नंतर. टाइम्सने १९६४ साली सुरू केलेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. मराठी बोलणारा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आम्हाला तिथेच भेटला. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांची आणि पुढे आबिद सुरतींच्या ‘बहादूर’ची चित्रंही त्यांचीच, हे मला मोठेपणी कळलं. लहानपणी मुखपृष्ठ कोणीतरी माणूस बसून रंगवतो, हेच डोक्यात यायचं नाही. ते अंकाबरोबर यायचं, बस्स.

जुने अंक जमवणारे नागपुरात पुष्कळ आहेत. मूळ चित्राची गोष्ट वेगळी. अंक हजारोंनी छापले जातात, ज्या चित्रावरून छापले ते मात्र एकच असतं. शिवाय छपाईची प्लेट तयार झाली की छापखान्याच्या लेखी त्याचं काम संपलेलं. कुठे ते कपाटावर धूळ खात पडलं, कुठे टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली गेलं. अमेरिकेतसुद्धा मोठ्या प्रकाशकांनी चित्रकारांना त्यांची पानं परत द्यायला सुरुवात केली ती १९७०च्या दशकात. त्याआधीचं बरंच काही फेकलं गेलं. त्यामुळे सीताबर्डीवरच्या रद्दीवाल्याकडे वह्यांच्या गठ्ठ्यात मला ते वाघाचं चित्र मिळालं, तेव्हा मी आधी ते छातीशी धरलं आणि मग भाव विचारला. रद्दीवाल्याने अर्थातच त्याप्रमाणे भाव सांगितला.

तुम्हाला ते चित्र पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. पूर आलेला. वाहत्या ओंडक्याच्या एका टोकाला वाघ, दुसऱ्या टोकाला उघडाबंब पोरगा, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं सोडून पाण्याकडे बघताहेत. जाड पुठ्ठ्यावर पोस्टर कलरने रंगवलेलं. सही नाही. वरचा तिसरा हिस्सा नुसतं आभाळ, त्यावर तपकिरी चौकोनी डाग. कडांना पेन्सिलीच्या खुणा, बोटांचे ठसे, आकडे. मी तुमच्याकडे आले ती एवढंच म्हणायला, की कडा माउंटखाली, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली घ्या, डाग जमला तर काढा आणि चांगली सोनेरी पट्टी लावून द्या.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, चित्र पालथं करून आधी मागची बाजू पाहिलीत, मग पुढची, आणि म्हणालात, “ताई, हे आभाळ रिकामं नाही आहे. इथं अंकाचं नाव येते. अन् हा डाग म्हणजे रबर सोल्युशन. नावाची पट्टी चिकटवली होती, ते गळून गेली. काढाचा नाही डाग.”

निम्मं आयुष्य छापखान्यात, छपाईसाठी चित्रांचे फोटो घेणारा प्रोसेस कॅमेरा चालवण्यात घालवलेल्या माणसाच्या हातात मी चित्र दिलंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दुकानावर पाटी फ्रेमची आहे ना!

मग तुम्ही मला त्या कडा वाचून दाखवल्यात. चार कोपऱ्यांतल्या बारीक रेघा म्हणजे कागद कापायची जागा. रंग मुद्दाम त्या रेघांच्या बाहेरपर्यंत नेलेला, कारण सुरी थोडी इकडेतिकडे झाली तर पांढरी पट्टी दिसायला नको. खाली ‘६६%’ लिहिलेलं: चित्र मोठं काढायचं आणि छापताना दोन तृतीयांश करायचं, म्हणजे ब्रशचा खरखरीतपणा आवळला जाऊन रेघ टोकदार दिसते. आणि उजव्या बाजूला फिक्या निळ्या पेन्सिलीने, वळणदार अक्षरात: ‘शेपूट कापली जाते. आत घ्या.’

ती निळी पेन्सिल का, तेही तुम्हीच सांगितलंत. रेषाचित्राच्या फिल्मला फिका निळा दिसतच नाही. तो तिला पांढऱ्यासारखाच. म्हणून सूचना निळ्यात लिहायच्या, म्हणजे खोडायची भानगड नको. रंगीत मुखपृष्ठाला खरं तर त्याची गरज नव्हती, पण हाताला सवय तीच. लालची गोष्ट उलटी, तो फिल्मला काळाच दिसतो. म्हणून जिथे झाकायचं तिथे लाल फिल्म कापून लावायची.

त्यानंतर तुम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढलंत, मोबाइलचा टॉर्च चित्राला जवळजवळ टेकवून आडवा धरलात. आणि वाघाच्या पाठीमागच्या पाण्यात दुसरी शेपूट उठून आली! सरळ, लांब, कापायच्या रेघेच्या पार बाहेर गेलेली. चित्रकाराने तिच्यावर पाण्याचा रंग चढवला होता आणि नवी शेपूट आत वळवून घेतली होती. अंक विकत घेणाऱ्या एकाही पोराला ती जुनी शेपूट दिसली नसेल. मी मात्र ती सूचना, तिचं पालन आणि त्यातली किंचित चिडचिडही बघत होते. नव्या शेपटीचा रंग जरा जास्तच दाबून लावलेला आहे, हे तुम्हीही मान्य केलंत.

कडा झाकण्याबद्दल तुमचं उत्तर मी आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते: “कडा झाकाच्या असन त छापील अंकच आणा नं. फ्रेम करून देतो, स्वस्तात होते.”

तुमच्या कॅमेऱ्याबद्दल तर एक वेगळं पत्र लिहावं लागेल. चित्र फळीवर लावायचं, दोन्ही बाजूंनी दिवे, आणि एकाच चित्राचे चार वेळा फोटो. लाल काचेतून घेतला की निळ्या शाईची निगेटिव्ह, हिरव्यातून किरमिजी, निळ्यातून पिवळी आणि चौथी काळी. मधे चित्राचे बारीक ठिपके करणारी जाळी धरायची, ती प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात: काळ्याला ४५, किरमिजीला ७५, निळ्याला १५, पिवळ्याला ९० अंश. कोन चुकला की ठिपक्यांची लाट उमटते आणि हिरॉइनच्या गालावर चटईची नक्षी दिसायला लागते. हे सांगताना तुम्ही एका जुन्या दिवाळी अंकाची जी हकीकत सांगितलीत, ती इथे लिहीत नाही. संपादक हयात आहेत.

ह्या ठिपक्यांनीच मला पुढे वाचवलं. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने जुन्या कॉमिक्सचं ‘मूळ मुखपृष्ठ’ पसंतीसाठी पाठवलं होतं. किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त, आणि ‘आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत’ हे पालुपद. मी ते घेऊन तुमच्याकडे आले, तुम्ही खिशातून भिंग काढलंत आणि मलाच म्हणालात, “तुम्ही पाहा. मी नाही सांगणार.” नायकाच्या शर्टावर ब्रशचे फटकारे खरेच होते. पण चेहऱ्यावर, जिथे रंग पातळ होता तिथे, खाली निळे-किरमिजी ठिपके फुलासारखे गोल करून बसले होते. छापील चित्रावर वरून रंगकाम केलेलं. मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं: आकार बरोब्बर अंकाएवढा, कापायच्या रेघा नाहीत, आणि मथळा चित्रातच एकजीव झालेला. त्या काळी तो बहुतेक वेळा वेगळ्या कागदावर काढून चिकटवत किंवा वर पारदर्शक फिल्मवर ठेवत. पार्सल दुसऱ्याच दिवशी परत गेलं. ठिपके नाहीत म्हणजे अस्सलच, असंही धरून चालू नका, हे तुम्ही लगेच बजावलंत. आता मीही प्रत्येक चित्र आधी पालथं करते.

आता फ्रेमचं. दुसऱ्या कुठल्याही दुकानात विचारतात पट्टी कोणती, काच कोणती. तुम्ही विचारलंत, “कूलर कोणत्या खिडकीत आहे?” मला वाटलं ऊन लागलंय तुम्हाला. पण नागपुरात चित्राचा खरा वैरी तोच निघाला. मे महिन्यात पारा ४५च्या वर, हवा इतकी कोरडी की पुठ्ठा आक्रसतो. आणि त्याच खोलीत संध्याकाळी खसच्या ताट्यांतून ओला वारा सुटतो. पुठ्ठा रोज फुगायचा, रोज वाळायचा, आणि रंग तडकायचा. पोस्टर कलर डिंकावर बांधलेला, दमट हवेत काचेला लागला की चिकटतो. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बुरशी आहेच. म्हणून चित्र हॉलमध्ये नाही, मधल्या बोळकांड्यात, जिथे कूलरचा वारा नाही आणि उन्हाची तिरीपही नाही. गुलाबी रंग उजेडाने आधी मरतो म्हणालात. पोराच्या ओठांवर तो अजून शिल्लक आहे.

काच चित्रापासून सुटी ठेवलीत. मागे प्लाय नाही, हार्डबोर्ड नाही, ॲसिड नसलेला बोर्ड मागवलात, त्याला वेळ लागला आणि मी फोनवर फोन केले. चित्र वरच्या बाजूने जपानी कागदाच्या दोन चिमुकल्या पट्ट्यांवर टांगलंत, गव्हाच्या सत्त्वाची खळ स्वतः गॅसवर शिजवून. बाइंडर लोक खळीत मोरचूद टाकतात, किडे लागू नयेत म्हणून. तुम्ही टाकला नाहीत, कारण त्याने कागद जळतो. सेलोटेप आणि फेविकॉलबद्दल तुम्ही जे बोललात ते छापण्याजोगं नाही. गळलेल्या नावाच्या पट्टीचा जो तुकडा मला गठ्ठ्यातच सापडला होता, तो मला परत चिकटवायचा होता. तुम्ही नाही म्हणालात. तो पाकिटात घालून फ्रेमच्या मागे ठेवलाय. त्या बाबतीत मी अजून पूर्ण राजी नाही, पण राहू दे.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमणार नाही. मी तुम्हाला टिनटिनचं सांगितलं होतं. टिनटिनचे जनक एर्जे यांनी ‘द ब्लू लोटस’साठी १९३६ मध्ये केलेलं मुखपृष्ठ, काळ्या पार्श्वभूमीवर लाल ड्रॅगन, छापायला फार खर्चिक म्हणून ते वापरलंच नाही. ते प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं आणि त्याने घडी घालून खणात ठेवलं, असं त्या घरचे सांगतात. २०२१च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात ते ३२ लाख युरोला गेलं, म्हणजे आपले २८ कोटी रुपयांच्या आसपास. घडीच्या खुणांसकट. किंमत ऐकून लोक डोळे विस्फारतात. तुम्ही विचारलंत, “रंग किती लागत होते?” चार रंगांत नीट जमायचं नाही म्हणून सोडलं असं मी म्हणाले, तर तुम्ही खो-खो हसलात आणि वर लिलावांना नावं ठेवलीत. माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आजही आहे, काका: असले भाव वेडगळ असतील, पण ते ऐकूनच कोणीतरी कपाटावरचा गठ्ठा रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघतो.

तुमच्यामुळे आता छापील मुखपृष्ठंही मी वेगळी बघते. ‘चांदोबा’चे जुने अंक काढले परवा. वड्डादी पापय्यांनी, म्हणजे ‘वपा’ सही करणाऱ्यांनी, रंगवलेल्या मुखपृष्ठांवर नाव बसेल अशी शांत जागा आधीच राखलेली दिसते. स्टॉलवर दोरीला चिमट्याने टांगलेल्या अंकांत वरची पट्टीच काय ती दिसायची. तिथे नायकाचं डोकं आणलं तर नाव जातं आणि नाव मोठं केलं तर डोकं. पुण्याचे प्रताप मुळीक अमर चित्र कथा आणि नागराज अशा दोन्हीकडे रमले, आणि त्यांच्या नागराजच्या अंगावरच्या खवल्यांकडे बघताना मला हल्ली पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे मूळ चित्र केवढं मोठं असेल?

बरं, कामाचं. शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या दोन मुलींनी वाघाचं चित्र पाहिलं आणि त्यांना तुमच्याकडून भिंग आणि ते रंगीत काचांचं प्रकरण समजून घ्यायचंय. शनिवारी दुपारी पाठवते. दुकान बंद असेल तर नातीला मला मेसेज करायला सांगा. आणि फ्रेमचे पैसे तुम्ही अजून सांगितलेले नाहीत. बोर्डाचे तरी सांगा. ते मुंबईहून आलेत, ते काही तुमच्या खिशातून जायचं कारण नाही.

आपली,
धरमपेठेतली ताई