आधी नाव विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की शाळा-कॉलेजांत नवी हजेरीपत्रकं तयार होतात. काही मुलांना त्यातलं स्वतःचं नाव ऐकायची धास्ती असते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्यातला एक. जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद आहे. दहावीनंतर त्याने घरी सांगितलं, मी मुलगा आहे. आधी रडारड झाली, मग डॉक्टर, मग देव. त्याला खरा आधार दिला माझ्या आईने. तिची शाळा चौथीत सुटली, वय ऐंशीच्या पुढे. तिने एवढंच विचारलं, “तुला काय म्हणून हाक मारू?” आणि त्याच दिवसापासून “आलास का रे, जेवलास का” सुरू केलं.

मराठीत तोंड उघडलं की क्रियापदातून मुलगा की मुलगी ते कळतंच. त्यामुळे या मुलांना घरात, वर्गात, एसटीत दिवसभर टोचत राहतं. पण आपल्याच सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, कुणाला वावगं वाटत नाही. मुलीला ‘अरे बाळा’ म्हणणारे बाप घरोघरी आहेत. ज्ञानोबांना तर आपण माउलीच म्हणतो. इतकी लवचिक जीभ घरच्या लेकरापुढेच ताठ का व्हावी?

हा नुसत्या मायेचा प्रश्न नाही. अमेरिकेत २०१८ साली १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्सजेंडर मुलांचा, म्हणजे जन्माच्या नोंदीपेक्षा स्वतःची लिंग-ओळख वेगळी असलेल्या मुलांचा, अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम आणि मित्रमंडळी यांपैकी जितक्या ठिकाणी मुलाने निवडलेलं नाव वापरलं जात होतं, तितकं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. ट्रान्सजेंडर असणं हा मानसिक आजार आहे असं अजूनही सांगणाऱ्यांना कळवावंसं वाटतं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांतून काढला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, म्हणून शिक्षकांशी थोडं जास्त बोलते. दाखल्यावरचं नाव बदलायला वेळ लागतो, पण हजेरी नंबराने घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलाने विश्वासाने तुम्हाला सांगितलं, तर आधी विचारा, “घरी माहीत आहे का? पालकांशी बोलताना कुठलं नाव घेऊ?” न विचारता घरी फोन केलात, तर त्या मुलाला मार बसू शकतो, शिक्षण सुटू शकतं. स्टाफरूममध्येही त्याची चर्चा नको. तोंडातून जुनं नाव निघालं तर लगेच सुधारा आणि पुढे शिकवा. लांबलचक माफी मागत बसलं की सगळा वर्ग त्याच्याकडे वळून बघतो. आणि ते मूल समोर नसतानाही त्याचं नाव नीटच घ्या, कारण बाकीची मुलं तुमचंच ऐकून बोलतात.

नातेवाइकांनी ‘ऑपरेशन करणार का’, ‘लग्नाचं काय’ हे प्रश्न कृपया गिळावेत. सोळा-सतरा वर्षांच्या दुसऱ्या कुठल्या मुलाला आपण त्याच्या शरीराबद्दल चारचौघांत विचारतो? त्याला अभ्यासाचं विचारा, क्रिकेटचं विचारा. सगळं समजल्याशिवाय नीट बोलता येत नाही असं मुळीच नाही. माझ्या आईला ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द आजही माहीत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. अशा व्यक्तींच्या बातमीत ‘तो की ती?’ छापाचे मथळे नकोत. त्यांनी सोडून दिलेलं नाव आणि जुना फोटो त्यांच्या संमतीशिवाय छापू नये, आणि त्या व्यक्ती स्वतःबद्दल जसं बोलतात तीच क्रियापदं बातमीत वापरावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली