नादारी रद्द झाली, पुढे काय?

माझ्या काकांना नादार (दिवाळखोर) ठरवणारा हुकूम रद्द झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. नौपाड्यातली खोली परत मिळेल, असे वाटत होते. पण ती रिसीव्हरने, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाने, आधीच विकली होती! मुंबईबाहेर, म्हणजे ठाण्यातही, १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. त्याच्या कलम ३७ नुसार रिसीव्हरने रीतसर केलेली विक्री कायम राहते. उरलेली मालमत्ता कर्जदाराकडे परतते, तीही न्यायालयाने ती दुसऱ्या कुणाकडे सोपवली नसेल तर.

याहून जास्त त्रास झाला तो दावा लावण्याच्या मुदतीच्या अज्ञानाने. नादारीच्या हुकमामुळे जे दावे अडले, त्यांच्या मुदतीतून हुकमापासून तो रद्द होईपर्यंतचा काळ वगळतात (कलम ७८). मात्र ज्या धनकोने आपले येणे नादारीच्या कामात सिद्ध करता येत असूनही केले नाही, त्याला ही सवलत नाही; त्याची मुदत चालूच राहते. असाच एक जण काकांना कोर्टाची भीती घालत राहिला आणि ते बिचारे पेन्शनमधून पैसे देत राहिले. हे कलम आम्हाला ते गेल्यावर कळले.

ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ही दोन कलमे सोप्या मराठीत छापून, रद्दच्या हुकमाच्या प्रतीसोबत द्यावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे