मल्लू ‘बॅड’ म्हणत नव्हता

पुणे,
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई तिच्या पद्धतीनं सांगते, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. भिंग लागणार नाही, पण चष्मा लावा.

मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, “मग आता तू बाई का विद्यार्थिनी?” मी काहीतरी सांगितलं आणि तुम्ही “बरं बरं” म्हणालात, म्हणजे कळलं नव्हतं. तर असं आहे. डेपोत नवा कंडक्टर लागला की पहिले काही दिवस जुन्याबरोबर गाडीवर जातो. घंटी मारतो, तिकिटं फाडतो, शिव्याही खातो, पण पेटी आणि हिशेब जुन्याकडेच. बालशिक्षणाचा डिप्लोमा करताना मी तशीच एका बालवाडीत जाते. इथं त्याला इंटर्न म्हणतात. एकेचाळिसाव्या वर्षी.

वर्ग छोट्या गटाचा, वय साडेतीन ते साडेचार. मुलं अठ्ठावीस, एक ताई, एक मावशी आणि मी. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, “तू कुणाची आजी?” मी म्हटलं, आजी नाही, ताई. तो बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मग केस?” त्या रविवारी मी केस रंगवले, हे आईला सांगू नका. आता वाचतेच आहे म्हणा ती.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं मी फार कामाची आहे. चपला लाव, नाकं पूस, नाड्या बांध, डबे उघड. कुणाचं बटण निघालं की मी हजर. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, “उद्या हात मागे बांधून उभ्या राहा.” मला राग आला, पण राहिले. एक मुलगी शूहून आली आणि फ्रॉकचं पुढचं बटण लावत बसली. बटण काजात अर्धं जायचं, मग ती दुसऱ्या हातानं ओढायला जायची आणि पहिला हात सोडून द्यायची. बटण बाहेर. परत. जीभ बाहेर काढून, हनुवटी छातीला टेकवून, श्वास जोरात. घड्याळात सहा मिनिटं झाली. माझे हात मागे एकमेकांत अडकून घामेजले होते. मग तिनं बटण अंगठ्यानं मागून ढकललं आणि ते गेलं. तिनं वर बघितलंसुद्धा नाही, खेळायला निघून गेली. सहा मिनिटांत मी सहा वेळा पुढे होणार होते.

एक गोष्ट मात्र ताईंना माझी आवडली आणि ती तुमची आहे बाबा. स्टँड सोडण्याआधी तुम्ही मागच्या सीटपर्यंत बोट नाचवत डोकी मोजायचात. मैदानावरून आत आलो की मी तशीच मोजते. दुसऱ्याच आठवड्यात सत्तावीस भरली. पुन्हा सत्तावीस. मैदान, संडास, फाटक, सगळीकडे धावलो. माझे तर पाय गळाले, कारण आत आणताना रांगेच्या शेवटी मीच होते. अठ्ठाविसावा गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागे झोपला होता, तोंडात चिक्की तशीच.

आता मल्लूचं सांगते. हे त्याचं खरं नाव नाही. मुलांची खरी नावं कुठं लिहायची नाहीत असा आमच्या कोर्सचा नियम आहे. शाळेच्या मागं टॉवरचं बांधकाम चालू आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतून तो येतो. आईबाप दोघंही सेंटरिंगच्या कामावर. हा येऊन दारापाशी बसतो, दप्तर मांडीवर. रडत नाही, पण काही पुढे केलं की मान फिरवतो आणि म्हणतो, “बॅड.” खडू दिला, बॅड. ठोकळे दिले, बॅड. ताई मला हळूच म्हणाल्या, “घरी मोबाइल फार दिसतोय, कुठून तरी इंग्रजी उचललंय, सारखं बॅड बॅड.” आम्हाला रोज एका मुलाकडे वीस मिनिटं बघून निरीक्षणाची नोंद लिहायची असते. मी मल्लूची लिहिली: हट्टी, चिडका, इतरांना ‘बॅड’ म्हणतो. कोर्सच्या मॅडमनी वही परत दिली. ‘हट्टी’खाली लाल रेघ आणि बाजूला लिहिलेलं, “हे पाहिलंत का ठरवलंत?”

पुढच्या बुधवारी मातकाम होतं. परातीत भिजवलेली लाल माती. सगळी मुलं कोपरापर्यंत बरबटलेली आणि मल्लूचे हात पाठीमागे. ताईंनी एक गोळा त्याच्यापुढे धरला, “बघ किती मऊ आहे.” तो मागे सरकला आणि पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला, “नंग ब्याड.” शेजारची दोन पोरं ‘नंगू नंगू’ करून हसायला लागली. ताई रागावल्या, त्याच्यावरच. आणि मला एकदम आपला ओटा दिसला. ताटातलं वांगं बाजूला सारत मी, आणि समोर पदर खोचून आजी. नंग ब्याड, आजी, नंग ब्याड.

तो ‘बॅड’ म्हणतच नव्हता. तो आठ दिवस ‘नको’ म्हणत होता.

आई, ताईंनी चुकीचं ऐकलं यात मला काही वाटत नाही, त्या कोकणातल्या आहेत. पण मी? अक्कलकोट तालुक्यात जन्मले, कर्नाटकाची हद्द गावाच्या ओढ्यापलीकडे, जिथं चार घरांतली तीन घरं कानडी बोलतात. मीसुद्धा आठ दिवस ‘बॅड’च ऐकलं. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, “ब्याडेनु? ब्याड अंद्र बिडु.” नको? नको तर राहू दे. त्यानं माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे बघितलं. शब्द कुठून बाहेर आला ते तपासावं तसं. मग दप्तर मांडीवरून खाली ठेवलं. माती त्या दिवशी त्यानं घेतलीच नाही, हेही लिहिते, नाहीतर आई शेजारी सांगेल की आमच्या सुमीनं जादू केली.

आता जे लिहितेय ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. बारावीनंतर इथं होस्टेलवर आले तेव्हा माझ्या बोलण्यातला हेल मुली करून दाखवायच्या. मी महिन्याभरात तो घासून काढला. गाव विचारलं की नुसतं ‘सोलापूर’ सांगायचे. आजी एसटीडीवरून बोलायची तेव्हा रांगेत मागे मुली उभ्या असायच्या, म्हणून ती कानडीत विचारायची आणि मी मराठीत उत्तर द्यायचे. तिला वाटायचं लाइन खराब आहे, पोरीला ऐकू येत नाही. ती आणखी मोठ्यानं ओरडायची. बाबा, आता तुमच्याशी फोनवर मी मोठ्यानं बोलते तेव्हा मला तेच आठवतं.

आई, तुझ्या अंगणवाडीचं मात्र मला सगळं आठवतंय. मारुतीच्या देवळाची ओसरी, सुकडीचा वास, कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला वजनकाटा. त्या चड्डीसारख्या झोळीत बसायला पोरं किंचाळायची म्हणून तू आधी मला लटकवायचीस. सगळ्या गावासमोर! मग तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात टिंब. आणि तुझं बोलणं. पहिला महिनाभर तू पोरांशी कानडीच बोलायचीस, मग हळूच दोन्ही जोडून. “बा, ये.” “नीर, पाणी.” “कुंद्रु, बस.” मुख्यसेविकाबाईंची जीप दिसली की तू एकदम शुद्ध मराठीत शिरायचीस आणि सगळी पोरं मुकी व्हायची. एकदा त्यावरून तुझ्या वहीत शेरा पडला होता, मुलांना मराठी येत नाही म्हणून. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. पावणेतीनशे रुपये मानधन आणि वर शेरा.

आता आम्हाला तेच परीक्षेला आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं वयाची ३ ते ८ ही वर्षं पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली आहेत आणि लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकू द्या म्हणून सांगितलंय. प्रश्न दहा मार्कांना येतो. मी उत्तरात तुझ्या ओसरीचं लिहिणार होते, पण मॅडम म्हणतील संदर्भ द्या.

संदर्भावरून आठवलं. तू तीस वर्षं ज्या पाटीखाली बसलीस तो ‘अंगणवाडी’ शब्द कुठून आला, तुला कधी कुणी सांगितलं होतं का? मला तरी आत्ताच कळलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांच्या पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात. कुणी लहान भावंड सांभाळतंय, कुणी गुरांमागे. मग बायाच पाड्यावर गेल्या, कुणाच्या तरी अंगणात बसल्या, आधी पोरांना आंघोळी घातल्या आणि मग शिकवणं. ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी रानातच भरवली ती कुरणशाळा. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ची, पण हे नाव तिच्या कितीतरी आधीचं. मल्लूचे आईबाप सकाळी सात वाजता स्लॅबवर असतात, आम्ही मात्र त्यांना ‘पालकसभेला साडेनऊला या’ म्हणून चिठ्ठी पाठवतो. तीही मराठीत छापलेली.

पालकसभेला आले ते वेगळेच. एक बाबा वही घेऊन आले होते, पानं कोरी म्हणून तक्रार. “फी भरतो, लिहायला कधी लावणार?” ताईंनी त्यांना मनगट दाखवून समजावलं: इथं आठ छोटी हाडं असतात आणि चार वर्षांच्या पोराची त्यातली जवळपास निम्मी अजून कूर्चाच असतात, म्हणजे मऊ, पक्कं हाड न झालेली. आधी माती मळू दे, मणी ओवू दे, कागद फाडू दे, पेन्सिल पळून जात नाही. बाबा, मला तुमची पाटी आठवली. चौथ्या वर्षी ‘श्री’ गिरवून घ्यायचात, आणि लेखणी वाकडी धरली की बोटांवर पट्टी. मी ताईंना सांगितलं नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे ते तुमच्यामुळे, असं तुम्ही सगळ्यांना सांगता ते आता जरा कमी करा.

आणि आई, तुझ्याशी एक भांडण बाकी आहे. ओसरीवर तुला ‘आई’ म्हणायची मला बंदी होती. ‘बाई’ म्हणायचं, नाहीतर तू ओ द्यायची नाहीस. बाकीच्या पोरांना वाटू नये की हिची आई इथं आहे आणि आपली नाही, हे तू नंतर समजावलंस. पण मी चार वर्षांची होते. परवा इथं एक मुलगी रंगवता रंगवता मान न वळवता मला “आई, लाल दे” म्हणाली आणि जीभ चावली. मी तिला ‘ताई म्हण’ वगैरे सांगितलं नाही. लाल दिला. तुझं कारण मला आता समजतं, अठ्ठावीस पोरं असली की समजतंच. पटलेलं मात्र अजून नाही. दिवाळीला आले की भांडू.

मल्लूचं म्हणाल तर तो अजूनही ब्याड म्हणतो, पण आता सगळ्यांना कळतं. पोरंही एकमेकांना म्हणायला लागली आहेत, भेंडीची भाजी निघाली की डब्याडब्यातून “ब्याड!” ताईंनी माझ्याकडून पाच शब्द वहीत लिहून घेतले आणि तळहातावरही. अळब्याड म्हणजे रडू नको, हा त्यांना आवडला.

पण शुक्रवारी फजिती झाली. मल्लू दारात उभा राहून पाय चाळवत होता, माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला, मला कळलं नाही आणि सतरंजी ओली झाली. माझी कानडी बाजाराची आणि शिव्यांची, शिवाय पंचवीस वर्षं बंद पडलेली. लहान पोरांची कानडी मला येत नाही, ती आजीबरोबर गेली. बाबा, तुम्ही आईला विचारून एका पोस्टकार्डावर वीस शब्द लिहून पाठवा. देवनागरीत लिहा, कानडी लिपी मला वाचता येत नाही. भूक, झोप, दुखतंय, कुणी मारलं, घरी जायचं. आणि सगळ्यात आधी, लहान पोराला ‘शू आली का’ असं आपल्याकडं नेमकं कसं विचारतात ते. पत्र आणि पोस्टकार्ड पोचायला आठवडा जाईल, तेवढं एक मी आज रात्री फोनवर आईला विचारून घेते. सोमवारी सकाळी साडेआठला मला ते लागणार आहे.

तुमची,
सुमी