उलार गाडी

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुला "पोचलो नीट" एवढंच म्हणाले, कारण बाबा शेजारीच आडवे पडले होते आणि त्यांच्या मते सगळं नीटच झालं. तसं झालेलं नाही. कॉर्नवॉलमधल्या हेलहून घरी रेडिंगपर्यंत, मागे कॅराव्हॅन, म्हणजे आपलं ते चाकांवरचं घर, लावलेली गाडी मी चालवली.

शनिवारी सकाळी कॅराव्हॅनचे कोपऱ्यातले पाय वर घ्यायला बाबा वाकले ते तसेच राहिले. कंबर धरली. क्लच दाबणं दूरच, सँडल घालता येईना. आणि मुक्कामाची साइट तर दुपारी बाराच्या आत रिकामी करायची.

इतकी वर्षं हे टाळायला माझ्याकडे पक्कं कारण होतं. माझी ब्रिटनमधली ड्रायव्हिंगची परीक्षा २००६ ची. १९९७ पासून पुढे पास झालेल्यांना, गाडी आणि कॅराव्हॅन मिळून साडेतीन टनांच्या वर गेलं की वेगळी परीक्षा द्यावी लागायची. बाबांनी ती दिली, मी काही दिली नाही. १६ डिसेंबर २०२१ ला तो नियमच गेला. ती बातमी मी घरात अवाक्षरानेही काढली नव्हती. पण बाबांना ती ठाऊक होती, आणि शनिवारी नेमकी, ओणवं उभं राहून, त्यांना ती आठवली.

ए ३० वर निघालो तेव्हा पहिला तासभर मी आरशांतच बघत होते. त्या लांब कानांसारख्या आरशांत फक्त पांढरी भिंत आणि भिंतीमागे मला शिव्या देणारी रांग. शिव्या देत असणार, मी असते तर दिल्या असत्या. बॉडमिनच्या माळावर धुकं होतं, तेवढीच कृपा, रांग दिसेना. टेमर नदी ओलांडून डेव्हनमध्ये शिरल्यावर लिफ्टनजवळच्या टेकडीवरची ती झाडं आली. कॉर्नवॉलची माणसं घरी परतताना त्यांना 'आलंच घर' म्हणतात. आपल्याला ती दरवर्षी उलटीच भेटतात, सुट्टी संपल्यावर. तू लहानपणी त्यांना टाटा करायचास आणि मग एक्सेटरपर्यंत कुणाशी बोलायचा नाहीस. या वेळी टाटा करायला हात मोकळा नव्हता.

खरी गंमत एम ५ वर. वेलिंग्टनच्या अलीकडे उतार आहे, उजव्या हाताला डोंगरावर तो दगडी मनोरा दिसतो, तिथे. मी ताशी साठ मैलांच्या आतच होते. एक उंच प्रवासी कोच शेजारून पुढे गेली आणि मागून कुणीतरी पदर धरून ओढावा तसं झालं. मग सोडला. मग दुसऱ्या बाजूने ओढला. आरशात कॅराव्हॅन एकदा डावीकडे दिसली, एकदा उजवीकडे. बाबा कंबर विसरून ओरडले, "ब्रेक नको!" पाय त्याच्याकडेच निघाला होता, पण थांबला. ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं, बस. चार-पाच हेलकावे असतील. ती आपोआप मागे येऊन उभी राहिली, शहाण्यासारखी.

टॉन्टन डीनच्या सर्व्हिसेसला थांबले तेव्हा हात इतके थरथरत होते की चहाचं झाकण उघडेना.

चूक माझीच. शुक्रवारी रात्री पाऊस पडला, ऑनिंग, म्हणजे कॅराव्हॅनला बाहेरून लावतो तो कापडी मांडव, ओलंचिंब झालं, आणि ते गादीवर कुठे ठेवायचं म्हणून मी कोंबलं मागच्या टोकाला, न्हाणीघरात, शॉवरच्या खाली. बारदानासारखं जड झालेलं. एरवी सामान तू लावायचास. बारा वर्षांचा असल्यापासून बाथरूममधला वजनकाटा जमिनीवर ठेवून, त्यावर झाडूच्या दांड्याचा तुकडा उभा करून, त्या तुकड्यावर कॅराव्हॅनचं नाक, म्हणजे गाडीला जोडतात ते पुढचं टोक, टेकवायचास. १३०० किलोच्या पाच ते सात टक्के, म्हणजे ६५ ते ९१ किलो नाकावर हवं, असं मला शिकवायचास आणि ७५ वर आणून मगच खाली बसायचास. मी मनात म्हणायचे, शाळेतल्या तरफेचा धडा फारच अंगात आलाय याच्या.

तिथे पार्किंगमध्ये उभी असताना एकदम शब्द आठवला: उलार. तुझे आजोबा, म्हणजे आप्पा, कागलला बैलगाडी भरायचे तेव्हा पोती मागे सरकली की ओरडायचे, "उलार व्हायली गं, पुढं घे!" मागे जड झाली की पुढचं जू वर उचलतं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही आणि गाडी कुठेही जाते. पुढे फार घेतली तर बैल मरतात. पोती पुढं-मागं सरकवायचं काम माझंच होतं, आठ-नऊ वर्षांची असेन. म्हणजे तुझ्या त्या टक्केवारीतलं मला सगळं आधीच येत होतं रे, फक्त कॅराव्हॅनला बैल नसल्यामुळे कधी लक्षात आलं नाही.

मग ऑनिंग एकटीने ओढत आणून मधोमध, चाकांच्या वर, जमिनीवर टाकलं. गालिचा भिजला. तुझे जुने गमबूट, डबे, गॅसच्या शेगडीजवळचं सगळं खाली घेतलं. पुढे एव्हनमथचा पूल, मग एम ४, एकदाही डुलली नाही. बाबा स्विंडनच्या पुढे घोरायला लागले, हे प्रशस्तिपत्रक समज.

दारात मात्र कॅराव्हॅन रिव्हर्समध्ये आत घेता येईना. तीनदा बघितलं, मग शेजारच्या दोघांनी हाताने ढकलून आत घातली. ते मी मनावर घेतलेलं नाही.

ऑनिंग अजून दोरीवर आहे, वाळलं की गुंडाळून ठेवते. पुढच्या शनिवारी येतोस तेव्हा वजनकाटा घेऊन ये, तो आमच्याच घरातला आहे आणि तू विचारून नेला नव्हतास. दांड्याचा तुकडा गॅरेजमध्ये होता तिथेच आहे.

तुझी,
आई