आशाताई, तुम्ही माझी वही वाचलीत

ताई,

त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा गळा इतका दाटून आला होता की धड 'या' सुद्धा म्हणता आलं नाही. म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितेय.

लेक झाल्यापासून माझ्या उशाशी एक वही असायची. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, शू कधी, शी कधी, सगळं त्यात. जन्मताना तिचं वजन 2 किलो 800 ग्रॅम होतं, घरी सोडताना 2 किलो 600. वजन का उतरलं, ते कुणी सांगितलं नाही. "दर दोन तासांनी पाज" एवढं बोलून नर्स पुढच्या खाटेकडे गेली. डॉक्टरांपुढे वही धरली, तर ती न उघडताच बाजूला सारून त्यांनी डब्याच्या पावडरीचं नाव लिहून दिलं. माहेरी आले, तर बघायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "दूध पुरत नाही वाटतं हिला." वर, घड्याळ बघून कुणी पोर पाजतं का, हेही. बाळंतिणीला असं बोलताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

सातव्या दिवशी तुम्ही आलात, गावच्या आशा सेविका म्हणून. हात धुतलेत, लेकीला झोळीत घालून काट्याला लावलंत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट तिचा श्वास मोजलात. मग चष्मा चढवलात आणि म्हणालात, "दे बघू ती वही."

तुम्ही ती वाचलीत, ताई. एकेका ओळीवर बोट फिरवत. रात्री अडीचला अर्धवट झोपेत लिहिलेलं अक्षर लागेना, तर मला विचारून घेतलंत. एका सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत पेनाने रेघ ओढलीत आणि ओठांतल्या ओठांत मोजलंत. पाजणं दहा वेळा, शू सात वेळा. "अगं, चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितात ही पोरं. सहा लंगोट ओले झाले की समजायचं, पोटात दूध जातंय. तूच लिहिलंयस की सगळं!"

मी किती रडले ते तुम्ही पाहिलंतच.

पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून येतं, हे मला तुमच्याकडून कळलं. संध्याकाळी ती सारखी मागते म्हणजे दूध कमी पडतंय असं नाही. मूठ तोंडाशी नेली, मान वळवून शोधायला लागली की लगेच घ्यायचं, रडायची वाट बघायची नाही. झोपून राहिली तर तीन तासांवर जाऊ द्यायचं नाही, उठवायचं. कुठली बाजू राहिली ते विसरते म्हटल्यावर स्वतःच्या पदराची पिन काढून माझ्या गाऊनला लावलीत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्यातूनच 2011 पासून देशभर आशाताई नवजात बाळ तपासायला घरोघर जाऊ लागल्या. 42 दिवसांपर्यंतच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरलेले. बाळंतिणीची वही वाचायची, असं त्या कामात कुठे लिहिलेलं नाही. ते तुमच्या स्वभावातलं. समोरच्याचं नीट ऐकून घेणारी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीचं निभावतं. मोठ्या पाटीच्या दवाखान्यात मला तसं कुणी भेटलं नाही, आणि तुम्ही उन्हातून चालत घरी आलात.

चौदाव्या दिवशी काटा 2 किलो 850 वर गेला, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच हसलात. डबा अजून सीलबंद आहे.

42 व्या दिवशी याल तेव्हा पुढचं घर गाठायची घाई करू नका. आई पुरण घालणार आहे, जेवूनच जायचं.

तुमची,
खालच्या आळीतली बाळंतीण